सैल नट

भिंगकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण ती पाटी इतकी पुसट झाली होती की वाचायला त्यांच्याच दुकानातला चष्मा लागला असता. नाव असून नसल्यासारखंच, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना भिंगकाका म्हणत आणि त्यांचंही काही बिघडत नसे. गेली चाळीस वर्षं ते लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार घराच्या पुढच्या खोलीत दुकान. मंगळवार, गुरुवार, शनिवार मोटरसायकलवर पेटी बांधून आसपासच्या गावांची फेरी. रविवारी ते विश्रांती घ्यायचे, म्हणजे गाडी पुसत बसायचे.

पेटी लाकडी होती. आत जुन्या गोधडीचं अस्तर, त्यात भिंगांचे कप्पे, फ्रेमा, अक्षरांचा तक्ता, बारीक पेचकस आणि इतके बारीक स्क्रू की एखादा खाली पडला तर काका घरातल्या सगळ्यांना श्वास रोखून बसवत. गाडीही पेटीच्याच वयाची. दोघींची काळजी काका एकाच हाताने घेत, आणि खरं दुखणं तिथंच होतं, पण ते कळायला एक गुरुवार उजाडावा लागला.

काकांचा हात हा चष्म्याचा हात होता. चष्म्याचा स्क्रू आवळताना तो एका क्षणी बोटाला सांगतो, बस. तिथं थांबलं की भिंग घट्ट बसतं. त्यापुढे केसभर गेलं की टच्च आवाज येतो आणि काच जाते. पहिल्या वर्षी अशा अकरा काचा गेल्यावर काकांनी एकच नियम पाठ केला, अडला की थांबायचं. मग तो नियम नुसता चष्म्यापुरता राहिला नाही. नळ, डब्यांची झाकणं, दाराच्या बिजागरीचे स्क्रू, सगळं काका अडेपर्यंतच आवळत. साहजिकच त्या घरात नळ ठिबकत आणि साखरेला मुंग्या येत.

याच घरात त्यांची लेक होती, वय त्रेचाळीस, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर. मोठमोठ्या पाइपांचे जोड आवळणं हे तिचं रोजचं काम. तिने लावलेलं झाकण तिच्याशिवाय कुणाला उघडत नसे. काकू म्हणत, "एकाने झाकण लावलं की मुंग्या येतात, दुसरीने लावलं की उघडायला माणूस बोलवावा लागतो. मधलं माणूस या घरात मी एकटीच."

लेकीचा काकांना भारी अभिमान. फेरीवर जातील तिथे ते तिच्या डोळ्यांचं कौतुक सांगत. चष्मेवाल्याच्या घरात जन्मली, पण नजर घारीची, माझं गिऱ्हाईक कधी व्हायची नाही. डोंगरावरच्या गावात एक शिंपीणबाई होत्या. त्या तर काका पेटी टेकवतात न टेकवतात तोच मुद्दाम विचारत, "काय भिंगकाका, लेकीला लागला का चष्मा?" आणि काका दर खेपेला म्हणत, "नाव काढू नका. घारीची नजर आहे." पंधरा वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर ठरलेलं होतं. त्याशिवाय दोघांनाही मोजमाप सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

आता त्या गुरुवाराआधीची एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या उन्हाळ्यात गाडीची साखळी तुटली आणि काकांनी भर दुपारी पाच किलोमीटर गाडी ढकलत आणली. घरी आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. काकूंनी त्यांना पंख्याखाली निजवलं आणि लेक उशाशी बसून राहिली. उठल्यावर तिने सरळ सांगितलं, सहासष्ट वर्षं झाली, आता गाडी बस्स. काकांनी गयावया केली, मग वाद घातला, आणि शेवटी स्वतःहून एक शब्द देऊन बसले. म्हणाले, "गाडीने परत मला रस्त्यात दगा दिला, तर मी माझ्या हाताने किल्ली तुझ्या हातात देईन." लेकीने हात पुढे केला, काकांनी टाळी दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पंपावरच्या एका माणसाला जुनी गाडी हवीच होती. लेकीने त्याला सांगून ठेवलं, वाट बघ.

काकांना गाडी गमवायची नव्हती, कारण फेरी गमवायची नव्हती. दुकानात लोक चष्म्यासाठी येत, पण फेरीवर लोक काकांची वाट बघत. या दोन्हींत फरक आहे, आणि या वयात तो फारच मोठा वाटतो.

तर त्या आठवड्यात काकांनी गाडीच्या गिअरला हात लावला होता. डावा घोटा हल्ली सकाळी आखडलेला असे, म्हणून पायाखालची गिअरची दांडी जरा खाली हवी होती. ही दांडी थेट इंजिनला जोडलेली नसते. दांडीपासून मागे इंजिनमधून बाहेर आलेल्या लहान दांड्यापर्यंत बोटाएवढी जाड एक सळई जाते. तिच्या दोन्ही टोकांना आटे असतात, एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे. त्यामुळे सळई नुसती फिरवली की जोडाची लांबी कमीजास्त होते आणि दांडी वरखाली बसते. मग ती आपोआप फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक लहान नट आवळायचा. काकांनी सळई दोन फेरे फिरवली, दांडी हवी तशी बसली, आणि दोन्ही नट आवळले. अडेपर्यंत.

गुरुवारी डोंगराच्या गावाला जाताना, गाव सहा किलोमीटरवर असताना, काकांनी पहिल्यातून दुसरा गिअर टाकला. मग तिसऱ्यासाठी पाय घातला तर पायाखाली काहीच नव्हतं. दांडी होती, पण मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती. काकांनी क्लच दाबला, गाडी कडेला घेतली आणि वाकून बघितलं. सळईचं पुढचं टोक जोडातून निसटलं होतं आणि तिथला नट जागेवर नव्हता.

काकांनी पेटीतून मोठं भिंग काढलं आणि रस्त्यावर ओणवे होऊन नट शोधायला लागले. वाटेने जाणाऱ्या एका म्हातारबांनी थांबून विचारलं, मुंगी हरवली का. नट काही मिळाला नाही. त्यांनी सळई बोटांनी फिरवून पुन्हा जोडात बसवली. ती अर्धा किलोमीटर टिकली आणि परत निसटली. तेव्हा त्यांनी ती चष्म्याला लावायच्या दोरीने गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधून टाकली, आणि विचार केला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. मागे घर नऊ किलोमीटर, पुढे शिंपीणबाई साडेपाच. पेटीत त्यांचा नवा चष्मा होता आणि त्या तीन आठवडे सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवत होत्या. काका पुढे गेले.

पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. चढावर इंजिन कुरकुरत होतं आणि सपाटीवर ओरडत होतं. शिंपीणबाईंनी चष्मा लावला, पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं. परतताना उतारावर एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला आणि जाता जाता तब्येत बरी आहे ना विचारून गेला. चार वाजता काका घरी पोचले. न ढकलता, स्वतः गाडीवर बसून.

अंगणात गाडी लावताना त्यांच्या डोक्यात वकील जागा झाला. गाडीने रस्त्यात दगा दिला का? नाही दिला. ती घरी घेऊन आली. उशीर झाला, पण उशीर म्हणजे दगा नव्हे. शिवाय कुणी बघितलं? एक म्हातारबा आणि एक सायकलवाला. काकूंनी दारातून विचारलं, गाडी आज एवढी का ओरडत होती. काका म्हणाले, चढ होता. आपल्या अंगणात चढ कधीपासून आला, एवढंच काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून नवा नट आणला, कुणी नसताना लावला आणि आवळला. मागच्या मोकळ्या मैदानात गाडीच्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला खाली हात लावून बघितलं तर नट बोटाने फिरत होता. पुन्हा आवळला. पुन्हा तीन फेऱ्या, पुन्हा तेच. तेव्हा त्यांना कळलं. नटात दोष नव्हता, सळईत नव्हता. त्यांनी पाना लावून अजून जोर द्यायचं ठरवलं, दातओठ खाऊन. पण नट अडला की हात आपोआप थांबत होता. मनगट पुढे जाईचना. कानात टच्च आवाज यायचा, जो आलेलाच नसायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण आपल्याच हाताने आपलं ऐकू नये याचं काकांना मोठं नवल वाटलं.

मेकॅनिककडे न्यायची सोय नव्हती. त्याचं दुकान पंपाला लागून होतं आणि दुपारचा चहा तो लेकीबरोबर घेत असे. तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, हा एक विचार. पण दुसरा विचार त्याहून जड होता. ज्या हाताने हा नट खरा आवळला जाईल तो हात घरातच होता, आणि त्याच हातात किल्ली द्यायचा शब्द त्यांनी दिला होता. नट सैल ठेवून फेरी करावी तर कधी तरी मधल्या रस्त्यात जीवावर बेतेल. घट्ट करून घ्यावा तर फेरीच जाईल. काका मैदानातल्या दगडावर बराच वेळ बसले आणि मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घरी घेऊन आले.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळं सांगितलं. मुंगीसकट. काकू हसल्या, लेक हसली नाही. ती हात धुताना म्हणाली, सकाळी उजेडात बघते.

शनिवारी सकाळी ती पाना घेऊन अंगणात गाडीशेजारी बसली. आटे खराब झालेत का बघायला तिने सळई पूर्ण काढली आणि दोन्ही नट तळहातावर घेतले. दिसायला दोन्ही सारखेच, पण उलट्या आट्यांच्या नटाच्या कडेवर ओळखीसाठी बारीक खाच असते. लेकीने तळहात जवळ आणला, मग लांब नेला, मग उन्हाकडे तिरका केला. एक नट उचलून सळईच्या टोकाला लावला. तो बसेना. दुसऱ्या टोकाला न्यायच्या ऐवजी तिने तोच परत तिथेच लावून बघितला.

भिंगकाका पायरीवर बसून बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी माणसांना हात असा लांब नेताना बघितलं होतं. पत्र लांब, सुई लांब, घड्याळ लांब. दारातून माणूस आत येतानाच त्यांना नंबर कळायचा. आणि आज ते बघत होते स्वतःच्या लेकीला, आणि त्यांना आठवत होतं की ती फोन लांब धरते, औषधाची बाटली काकूंकडून वाचून घेते, आणि हे आजचं नव्हतं. गावोगाव डोळे तपासत हिंडायचं आणि दिव्याखाली असा अंधार. काकांना स्वतःची लाज वाटली.

"तुला जवळचं दिसत नाही," ते म्हणाले. "केव्हापासून?"

लेकीने नट मुठीत धरले. म्हणाली, "दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष! आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार, बाबा? तुम्ही सगळीकडे सांगत फिरता, माझ्या लेकीला घारीची नजर. मला वाटलं, तुमचं तोंड पडेल."

काका उठले आणि पेटी घेऊन आले. तिला पायरीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग घालत गेले. तिच्या हातात तक्ता दिला नाही, दोन नट दिले. तिसऱ्या भिंगाला ती थांबली. बघत राहिली. मग एक नट वर धरून त्यांना त्याच्या कडेवरची खाच दाखवली. काकांनी तिथल्या तिथे तिच्यासाठी फ्रेम निवडली आणि दुपारपर्यंत चष्मा तयार केला.

चष्मा लावून लेकीने सळई एका दमात बसवली. मग तिने काकांना खाली बोलावलं, पाना त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. नट अडला, काकांचा हात थांबला. "हा थांबा तुमचा," ती म्हणाली, आणि वरून दाबत पाना अजून पाव फेरा पुढे नेला. "आणि हा नटाचा." काका डोळे मिटून टच्च आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. मग तिने काकूंच्या नेलपॉलिशने नटावरून सळईपर्यंत एक लाल रेघ ओढली. पंपावर ते असंच करत. नट हलला की रेघ मोडते, डोळ्यांना लगेच कळतं.

सगळं झाल्यावर काकांनी खिशातून किल्ली काढली आणि कुणी मागायच्या आत तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. चष्म्यातून किल्लीकडे बघितलं, खिशात टाकली आणि आत गेली. काकांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण शब्द आपणच दिला होता, आणि लेक शब्दाला पक्की आहे याचं कौतुकही आजवर आपणच सांगत आलो होतो.

रविवारी पुसायला गाडी होती, पण काकांनी ती पुसली नाही. भिंगं पुसली. काकू म्हणाल्या, आता घरात आहातच तर डब्यांची झाकणं लावायला शिका. काका शिकले. दोन झाकणं अडेपर्यंत लावून झाली, मग काकूंनी त्यांना उठवलं.

सोमवारी संध्याकाळी लेक कामावरून आली ती रुमालात काही तरी गुंडाळून. टेबलावर रुमाल उघडला. नवा चष्मा होता, उजव्या भिंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

"भिंग हलल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. "स्क्रू आवळला."

"किती आवळलास?"

"आवळतात तेवढा."

काकांनी तडा गेलेलं भिंग उजेडात धरलं आणि त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, रुमाल बघितला आणि त्याही हसायला लागल्या. लेक आधी रागावली, मग तिलाही आवरेना. हसून झाल्यावर काकांनी पेटीतून दुसरं भिंग काढलं, पेचकस तिच्या बोटांत दिला आणि तिच्या मनगटावर आपलं बोट टेकवलं. स्क्रू फिरला, फिरला, आणि अडला. "इथं," काका म्हणाले. तिचा हात पुढे जायला निघाला, तसा त्यांनी तो थांबवला. तीन वेळा स्क्रू काढला, तीन वेळा लावला, तेव्हा कुठे ती आपणहून थांबली.

मग तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"पंपावरच्या माणसाला मी नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "सकाळीच सांगितलं, चष्मा फुटायच्या आधी. दीड वर्ष मी न बघता अंदाजाने नट आवळत होते आणि गप्प राहिले. तुम्हाला दोन दिवससुद्धा लपवता आलं नाही. असा माणूस गाडीवर असलेला मला चालेल."

काका किल्लीला हात लावणार, तेवढ्यात तिने ती परत उचलली. तिची अट होती. किल्ली तिच्याकडे राहील, आणि फेरीच्या दर सकाळी आधी ती रेघ बघेल. रेघ मोडलेली दिसली तर गाडी जागची हलणार नाही, मग शिंपीणबाई असोत नाहीतर कुणी असो. काकांची एक अट होती. चष्म्याच्या स्क्रूला ती एकटी असताना हात लावणार नाही. काकूंचीही एक अट होती, झाकणांना दोघांनीही हात लावायचा नाही. तिन्ही अटी मान्य झाल्या.

मंगळवारी सकाळी लेक कामाचे कपडे घालून अंगणात आली. नाकावर चष्मा होता. ती गाडीशेजारी उकिडवी बसली, आणि हात लांब न नेता, मान तिरकी न करता, सरळ रेघेकडे बघितलं. मग किल्ली काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, "जुळतेय. दिवेलागणीच्या आत या." मंगळवारची फेरी नदीकाठच्या गावांची होती. काका पाचला घरी होते आणि गाडीने सगळे गिअर घेतले होते.

गुरुवारी ते डोंगरावर गेले. ज्या जागी रस्त्यावर ओणवे झाले होते, तिथे त्यांनी मुद्दाम तिसरा गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली. शिंपीणबाईंकडे पेटी टेकवताच नेहमीचा प्रश्न आला. "काय भिंगकाका, लेकीला लागला का चष्मा?"

"लागला," काका म्हणाले.

शिंपीणबाईंच्या हातातलं कापड तसंच राहिलं. पंधरा वर्षांत असं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. काही वाईट तर नाही ना, म्हणून त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितलं. पण काकांचा चेहरा नेहमी घारीच्या नजरेचं सांगताना फुलायचा, तसाच फुललेला होता.

"सव्वा नंबर," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांना. मीच केलाय."

त्या दिवशी त्या गावातल्या आणखी सात घरांत, कुणी विचारलं नसतानाही, काकांनी ही बातमी सांगितली.